बिबट्याचा अर्धा फोटो

आमच्या घरात देवांच्या फोटोंच्या रांगेत एक फोटो देवाचा नव्हता. तो माझ्या आजोबांचा होता. त्यांना सगळे तात्या म्हणत. वर्तमानपत्रातून कापलेला, पुठ्ठ्यावर भाताच्या पेजेने चिकटवलेला आणि वर काच बसवलेला तो फोटो. त्यात तरुण तात्या हातात काठी घेऊन उभे आहेत, छाती पुढे, नजर थेट बघणाऱ्यावर, आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. नुसता हात. बाकीचा माणूस कात्रीच्या पलीकडे गेला होता. या फोटोला रोज उदबत्ती मिळायची, कारण देवांना ओवाळता ओवाळता मध्येच हात आखडता घेणं आईला बरं दिसत नसे. त्यामुळे तात्या रोज सकाळी स्वतःच्याच फोटोच्या प्रसादाची साखर खात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

आमचं गाव अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये. गाव म्हणायचं ते आमच्यासारख्या जुन्या आगरी घरांना. बाकी चारी बाजूंनी इमारती उठत होत्या. दिवसभर पायलिंगच्या मशीनचे ठोके पडायचे आणि आईच्या तांदळाच्या भाकरीच्या थापा नेमक्या त्याच तालात पडायच्या, हे तिला कळायचंसुद्धा नाही. मशीन बंद पडली की तिच्या भाकऱ्या वाकड्या व्हायच्या. घरात सुकटीचा वास, ओट्यावर वालाचं बिरडं मोड येण्याची वाट बघत, आणि पाहुणा आला की बिबट्या. पाहुणा कुणीही असो, गॅसवाला असो की इन्शुरन्सवाला, त्याला बिबट्याची गोष्ट ऐकावी लागे. तात्या सांगत, "नाल्यावरच्या आंब्यावर त्यो चढून बसलेला. अख्खा गाव पलाला. मी एकला काठी घेऊन खाली. मी त्याला म्हनलो, उतर. त्यो मना बघतं, मी त्याला बघतं." आई या गोष्टीवरच चहाचा अंदाज घ्यायची. बिबट्या झाडावर चढला की आधण, खाली उतरला की साखर, आणि जंगलात पळाला की कप बाहेर. शेवटी बाबा भिंतीवरून फोटो काढून आणायचे आणि तात्या त्या परक्या हातावर बोट ठेवून म्हणायचे, "हा फॉरेस्टच्या सायबाचा हात. शाबासकी देतं."

आता माझं वय असं झालंय की माझ्याही चार गोष्टी लोक पाठ असल्यासारख्या ऐकतात आणि योग्य जागी मान हलवतात. तेव्हा मात्र मी अठरा-एकोणीसची होते आणि मला जगातल्या सगळ्याच गोष्टींचा राग यायचा.

माझं कॉलेज उल्हासनगरला होतं. मी मास मीडियाला प्रवेश घेतला तो टीव्हीवर दिसायला मिळेल म्हणून, आणि मिळाल्या कविता मॅडम. त्या आम्हाला संशोधन शिकवायच्या. बुटक्या, गोऱ्या, आवाज मात्र भाजीबाजारातला. पक्क्या सिंधी असल्यामुळे त्यांच्या खोलीत कुणीही गेलं की आधी पापड आणि पाणी मिळे, मग ओरडा. संशोधनाचं सगळं शास्त्र त्यांनी चार प्रश्नांत बसवलं होतं आणि ते प्रश्न त्या पापड मोडत विचारायच्या. "किसने बोला? कब बोला? उसको कैसे पता? और बोलके उसको क्या मिला?" पुस्तक असो, पेपर असो, मोबाईलवर आलेला मेसेज असो, या चार प्रश्नांतून गेल्याशिवाय तो प्रकल्पात घालायचा नाही. आता मोबाईलमधल्या मशीनला काहीही विचारलं की ती लगेच उत्तर देते, आणि मी अजून मशीनलाही सवयीने विचारते, तुला कुणी सांगितलं?

मला हे प्रश्न इतके आवडले की मी ते घरी नेले, आणि तिथून घरातली शांतता गेली. आई म्हणाली, कोळीण बोलते आज बोंबील ताजे आहेत. मी विचारलं, तिला कसं माहीत, आणि बोलून तिला काय मिळालं? "गिऱ्हाईक मिलालं," आई म्हणाली, "आता तू नको खाऊ, मग तुना काय मिलतं ते बघ." बाबांनी फॅमिली ग्रुपवर कलिंगडाच्या बियांचा उपाय पाठवला, मी खाली चार प्रश्न लिहिले, आणि काकूने ग्रुप सोडला. एकट्या तात्यांना मात्र हा खेळ फार आवडला. त्यांनी चारही प्रश्न पाठ केले आणि टीव्हीवरच्या बातमीदाराला विचारायला सुरुवात केली. जमीन मागायला आलेल्या बिल्डरच्या माणसाला विचारले. एकदा डॉक्टरने बीपी वाढलंय म्हणून सांगितलं, तर त्यालाही विचारले, आणि डॉक्टर मशीन उलटीपालटी करून बघू लागला.

प्रकल्पासाठी मी विषय घेतला, 'स्थानिक वृत्तपत्रांतील वन्यप्राणी'. मनातल्या मनात माझा प्रकल्प झालेलाच होता, कारण मूळ साधन आमच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं होतं. मी फोटो साडीत गुंडाळला, शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसले आणि मॅडमसमोर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, काच पुसली.

"कौनसा पेपर?"

"माहीत नाही, मॅडम. वरचं कापलंय."

"तारीख? नीचे क्या लिखा था?"

"तेपण कापलंय."

"और ये हाथ?"

"फॉरेस्टच्या साहेबांचा."

"किसने बोला?"

"तात्यांनी."

मॅडमनी माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं आणि अजून एक पापड दिला. "बेटा, ये सोर्स नहीं है, ये श्रद्धा है. पूरा पेपर ढूंढो. और उसके बाद के आठ दिन भी देखना. पेपर आज लिखता है, कल सुधारता है, और सुधारा हुआ कोई पढता नहीं." मी फोटो परत साडीत गुंडाळून आणला आणि ते काम आळसाने बाजूला टाकलं. पण माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न त्यावर अडेल हे मला काय ठाऊक.

मयुताई उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला जायची. शिवलेल्या पँटींचे दोरे कापायचे आणि वाकडी शिलाई बाजूला काढायची. तिथला माल उचलायला बदलापूरच्या बाजूचा हर्षल टेम्पो घेऊन यायचा. दोघांचं जमलं होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. आमच्याकडे स्वतःहून जमवलेलं लग्नसुद्धा कुणीतरी आणलेलं स्थळ म्हणून घरात यावं लागे, तेव्हा हर्षलने कुणाकुणाकडून फिरवत ही कल्पना आमच्या मामाच्या डोक्यात घातली, आणि मामा जणू आपल्यालाच सुचल्यासारखा ते स्थळ घेऊन आला. जात, गाव, जमीन, सगळं जुळलं. बघायला यायचा दिवस ठरला. आईने सकाळपासून वडे तळले, मयुताईने पहिल्यांदाच भेटतोय असा चेहरा आरशात करून बघितला, आणि हर्षल, त्याचे आईवडील आणि आजोबा आले. आजोबांना ते नाना म्हणत. उंच, अंगात पांढरा सदरा, बोलणं कमी.

पाहुणे टेकले आणि तात्यांनी बिबट्याला झाडावर चढवलं. आईने आधण ठेवलं. बाबा फोटो घेऊन आले, तात्यांनी हातावर बोट ठेवलं, शाबासकी झाली. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून लॅमिनेशन केलेला एक कागद काढला आणि आमच्या फोटोशेजारी टेबलावर ठेवला. त्यातही वर्तमानपत्रातला एक तरुण माणूस होता, छाती पुढे, नजर बघणाऱ्यावर. त्याचा उजवा हात कोपराशी कापलेला होता. बाबांनी नकळत दोन्ही फोटो जवळ सरकवले, आणि नानांचा हात कोपरापासून सुरू होऊन तात्यांच्या खांद्यावर येऊन बसला.

आतून आईने विचारलं, "साखर टाकू काय?"

"बिबट्या मी पलवला," नाना शांतपणे म्हणाले. "हे कोन, ते मना नावानं म्हाईत नव्हतं. शेजारी उभे व्हते. थरथरत व्हते, म्हनून खांद्यावर हात ठेवला."

तात्या उभे राहिले. "मी थरथरत व्हतो? तू कवा आलास? फोटोवाला आला तवा आलास."

त्यापुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण वडे तसेच राहिले. दोघांनी पेपर घेतले होते, दोघांनी घरी जाऊन आपापला भाग कापून ठेवला होता आणि दुसऱ्याला कचऱ्यात टाकलं होतं, इतकी वर्षं. जाताना नाना म्हणाले, ज्या घरात माझा हात सायबाचा म्हनून दाखवतात तिथं मी नातू देनार नाय. तात्या म्हणाले, थरथरनाऱ्याची नात कशाला करता. मग दोघांत एकच गोष्ट ठरली: पेपर खरा. त्या दिवसाचा अख्खा पेपर आणा, त्यात ज्याचं नाव असेल त्याचा बिबट्या, आणि दुसऱ्याने चारचौघांत माफी मागायची. तरच लग्न.

रात्री मयुताई माझ्या अंथरुणावर येऊन बसली. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "तू ते सोर्स सोर्स करतेस ना," ती म्हणाली, "आता कर." मला तिची फार माया आली आणि भीतीही वाटली. कारण एकाचं नाव निघालं की दुसरा माफी मागणार नाही, हे मला दिसत होतं. माफी हा शब्द दोन्ही घरांत फक्त टीव्हीवर ऐकलेला.

शोधायचं तर आधी तारीख हवी. तात्या म्हणाले, तांबडी म्हैस मेली ते साल. आजी म्हणाली, छे, तुझी आत्या रांगत होती, म्हैस नंतर मेली. मी दोघांना चार प्रश्न विचारले. म्हशीचा काही कागद नव्हता, आत्याचा जन्मदाखला होता, म्हणून मी आत्याला धरलं. आमचा फोटो पुठ्ठ्याला चिकटलेला, पण नानांचा दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये होता. हर्षलने नाना आंघोळीला गेल्यावर मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठवला. मागे उटण्याची अर्धी जाहिरात होती. म्हणजे दिवाळीच्या आसपास. माझ्या आयुष्यातला तो पहिला शोध, आणि मी तो नाना न्हाणीघरात असताना चोरून काढलेल्या फोटोवर लावला.

कॉलेजच्या ग्रंथालयात माध्यमांवरची पुस्तकं होती ती सगळी परदेशातल्या रेडिओवरची. तिथे बिबट्या मिळणार नव्हता. कॅम्प दोनमधल्या एका वाचनालयात जुन्या पेपरांच्या फायली होत्या, मी आत्या रांगत होती त्या सालच्या दिवाळीपर्यंत पोचले, पान उलटलं, आणि पानाला मोठी चौकोनी खिडकी. कुणीतरी फोटो कापून नेला होता. त्या खिडकीतून पुढच्या पानावरचं राशिभविष्य दिसत होतं. मला वाटलं, त्या झाडाखाली होता तो प्रत्येक जण कात्री घेऊन फिरत असणार. शेवटी अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या वाचनालयात तोच अंक न कापलेला सापडला. तिथल्या बाईंनी चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले, आणि मी फाईल उघडली.

फोटो होता. मोठा होता. आंब्याचं झाड, त्याखाली अख्खी जत्रा, बायका, पोरं, एक कुत्रा. सगळे मान वर करून झाडाकडे बघत होते. फक्त उजव्या कोपऱ्यात दोन तरुण एकमेकांना चिकटून कॅमेऱ्याकडे बघत होते. खाली लिहिलं होतं, 'बिबट्याच्या अफवेनंतर झाडाखाली जमलेले बघे'. नाव कुणाचंच नव्हतं. मला इतकं हसू आलं की बाईंनी डोळे वटारले. मग मॅडमचं आठवलं आणि मी पुढचे अंक चाळले. दुसऱ्याच दिवशी, आतल्या पानावर, पावाच्या तुकड्याएवढी बातमी: 'झाडावर दिसलेला प्राणी बिबट्या नसून रानमांजर होते, असे सूत्रांनी सांगितले.' यावेळी मला हसू आलं नाही. मयुताईचं लग्न रानमांजराने खाल्लं असंच मला वाटलं.

मी दोन्ही पानांचे फोटो छापून घेतले. कुणी कुणाच्या दारात पाय ठेवायला तयार नव्हतं, म्हणून मध्यावर भेटायचं ठरलं, शिवमंदिराच्या आवारात. तात्या एका दगडावर, नाना दुसऱ्या दगडावर, मध्ये बाबा आणि हर्षलचे वडील, आणि लांब चपलांच्या ढिगाशेजारी मयुताई आणि हर्षल एकमेकांना न ओळखल्यासारखे उभे. मी आधी फोटोखालची ओळ वाचली. बघे. तात्यांनी ती परत वाचायला लावली. मग दुसऱ्या दिवशीची बातमी वाचली. रानमांजर. तात्यांचा चेहरा मला बघवेना. रोज उदबत्ती मिळालेला तो माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला, आणि मला त्या कागदांचाच राग आला.

मग नाना खाकरले. "कोन बोलला रानमांजर?"

"पेपरात आहे, नाना. सूत्रांनी सांगितलं."

"सूत्र म्हंजे कोन? नाव काय त्याचं?"

"नाव दिलेलं नाही."

तात्या हळूच सरळ झाले. "कवा बोलला?"

"दुसऱ्या दिवशी."

"त्याला कसं म्हाईत? त्यो झाडाखाली व्हता?" तात्यांचा आवाज चढत होता. "व्हता काय रं त्यो?" हे त्यांनी नानांना विचारलं.

"कोनी नव्हता," नाना म्हणाले. "पेपरवाला आला तवा जनावर पार पलालं व्हतं. आपन दोघं व्हतो."

"दोघंच व्हतो," तात्या म्हणाले. "शेपूट बघितलीस तू?"

"एवढी," नानांनी दोन्ही हात पसरले. "रानमांजराला एवढी शेपूट असतं?"

"आनि रानमांजर बोलून त्याला काय मिलालं, ते तूच सांग, पोरी," तात्या माझ्याकडे वळून म्हणाले. "गावात घबराट नको म्हनून दाबली बातमी. फॉरेस्टवाल्यांचं काम वाचलं." मी कविता मॅडमची विद्यार्थिनी, मी मनातल्या मनात त्यांना गुण देऊन टाकले. त्यांचे प्रश्न अगदी बरोबर होते. निनावी सूत्र, नंतर आलेला बातमीदार, आणि समोर दोन प्रत्यक्ष बघितलेली माणसं. नाना तात्यांच्या दगडावर येऊन बसले. दोघांनी मिळून त्या पेपरला, त्या बातमीदाराला आणि त्या सूत्राला अशा शिव्या दिल्या की आवारातले भाविक वळून बघू लागले. माफीचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. उसाचा रस मागवला गेला, आणि रस संपायच्या आत साखरपुड्याची तारीख निघाली. मयुताई चपला घालायला म्हणून खाली वाकली आणि तिथेच बसून रडली. हर्षलने मला नुसतं हात जोडून दाखवले.

साखरपुड्याला दोन्ही म्हाताऱ्यांनी डीजेवाल्याकडून माईक घेतला. बिबट्या आता दोघांनी मिळून उतरवला. नाना म्हणाले, "पयली काठी यांनी उगारली." तात्या म्हणाले, "आनि ह्यांनी खांद्यावर हात ठेवला म्हनून मना धीर आला." तात्यांना असं म्हणताना मी आयुष्यात प्रथमच ऐकलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरातली काच काढून दोन्ही अर्धे एकाच फ्रेममध्ये बसवले गेले. खाली ओळ घातली नाही. मयुताईच्या नातवंडांना ती गोष्ट आता माझ्यापेक्षा जास्त तपशिलात येते. त्यांच्या गोष्टीत बिबट्याला जोडीदारीणही आहे.

मी प्रकल्पात सगळं लिहिलं. झाड, बघे, रानमांजर, सूत्र, दोन आजोबा, कापलेली पानं, सगळे संदर्भ पानांसकट. कविता मॅडमनी तो वाचला, भरपूर गुण दिले, शेवटच्या पानावर लाल पेनाने 'शाबास' लिहिलं आणि तो काळ्या रेक्झिनमध्ये बांधून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवायला लावला. मध्ये एकदा त्या बाजूला काम होतं म्हणून मी आत डोकावले. मागच्या कपाटात, खालच्या फळीवर, तो तिथेच आहे. पाठीमागे चिकटवलेल्या कार्डावर तो कुणी कधी नेला ते लिहायचा रकाना आहे. त्या दिवशी झाडावर काय होतं, याबद्दल मिळण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्यात आहे आणि कुणीही मागितलं तर त्याला मिळेल. अजून कुणी मागितलेलं नाही.